बंड, उठाव की मुक्तिसंग्राम? : तारकासाम्राज्याच्या कथा मराठीत आणताना

इंग्रजी विज्ञानकथेत एक शाखा अशी आहे की, तिच्याकडे आपल्याकडील अभ्यासकांनी अद्याप गंभीरपणे पाहिलेले नाही. आकाशगंगेतील सहस्रावधी सूर्यमालांवर पसरलेले एखादे साम्राज्य, त्याच्या दूरच्या टोकावरील एखादी दुर्लक्षित वसाहत, तेथे पेटलेला असंतोष, आणि मग आरमारे, वेढे, रसद, हेरगिरी व रणनीती यांच्या तपशिलांनी भरलेला दीर्घ संघर्ष, असा ह्या कथांचा सामान्य साचा असतो. ह्या शाखेस 'लष्करी विज्ञानकथा' म्हणावयास हरकत नाही. पोरासोरांचे वाङ्मय म्हणून ती बाजूस सारण्याची आपली रीत आहे. प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे त्याच मताचा होता. हे मत बदलण्यास कारण झाला तो भाषांतराचा एक साधा पाठ.

पदव्युत्तर वर्गात भाषांतराचा सराव घेताना मी दोन लहान उतारे इंग्रजीत रचून दिले. पहिला होता एका साम्राज्याच्या सेनाधिकाऱ्याचा अहवाल आणि दुसरे होते त्याच घटनेविषयीचे विरोधकांचे पत्रक. घटना एकच : एका लहान ग्रहावरील सरकारी कोठार रात्री ताब्यात घेतले गेले. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही उतारे मराठीत आणावयाचे होते. अंतराळयान, किरणशस्त्र, दीर्घिका ह्या शब्दांवर ते अडखळतील अशी माझी अपेक्षा होती. तेथे कोणीही अडखळले नाही. सर्व वर्ग अडला तो एका अगदी जुन्या शब्दापाशी. कोठार ताब्यात घेणाऱ्यांना म्हणावयाचे काय? बंडखोर, विद्रोही, क्रांतिकारक, मुक्तिसैनिक, की दरोडेखोर? आणि त्यांनी कोठार 'लुटले', 'हस्तगत केले' की 'मुक्त केले'? उमरी तालुक्यातून आलेला एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, आमच्याकडे ह्याचा निकाल पंचाहत्तर वर्षांपूर्वी लागला आहे." त्याच्या बोलण्याचा रोख कशाकडे होता, हे पुढे येईलच.

ह्या शाखेचे इंग्रजीतील मूळ रूप प्रथम थोडक्यात पाहू. आयझॅक असिमॉव्ह ह्यांच्या 'फाउंडेशन' मालिकेतील पहिली कथा १९४२ मध्ये एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाली व १९५१ मध्ये त्या कथांचे पहिले पुस्तक निघाले. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील गिबनच्या इतिहासग्रंथावरून ही कल्पना सुचल्याचे असिमॉव्ह ह्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांचे साम्राज्य सुमारे अडीच कोटी ग्रहांवर पसरलेले असून त्याची राजधानी ट्रँटर हा संपूर्ण ग्रहच एक नगर आहे. तेथे धान्य पिकत नाही. भोवतालच्या वीस शेतकी ग्रहांवरून ते आणावे लागते. साम्राज्य मोडते ते एखाद्या महायुद्धात पराभव होऊन नव्हे. कडेचे सुभेदार हळूहळू स्वतःला राजे म्हणवू लागतात आणि केंद्रास ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. हैदराबादच्या इतिहासाशी परिचय असलेल्या वाचकास येथे थांबावेसे वाटेल. मोगलांच्या दख्खन सुभ्यावरील निजाम-उल-मुल्क ह्याने १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत प्रतिस्पर्ध्याचा पराभव करून जे केले, ते नेमके हेच होते. विशेष असे की, त्याच्या वंशजांनी सव्वादोनशे वर्षे राज्य केले, तरी 'निजाम' हे नाव, म्हणजे वस्तुतः राज्याची व्यवस्था पाहणाऱ्याची पदवी, टाकले नाही. नाव कारभाऱ्याचे आणि सत्ता राजाची, अशी ही स्थिती असिमॉव्ह ह्यांच्या कडेच्या राज्यांनाही शोभावी.

१९६६ मध्ये रॉबर्ट हाइनलाइन ह्यांची चंद्रावरील उठावाची कादंबरी आली. ती ह्या शाखेतील अतिशय काटेकोर कृती आहे. चंद्र ही तेथे कैद्यांची वसाहत आहे. तेथे पिकलेले धान्य पृथ्वीवरील भुकेल्या देशांसाठी, त्यात भारतासाठीही, सक्तीने धाडले जाते. चंद्राचे पाणी अशा रीतीने धान्यरूपाने कायमचे निघून जात आहे, हा हिशेब पुढे ठेवूनच बंडास आरंभ होतो. त्याच्या आदल्या वर्षी, १९६५ मध्ये, फ्रँक हर्बर्ट ह्यांची 'ड्यून' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिच्यातील सम्राटाची पदवी 'पादिशाह' अशी आहे व त्याच्याविरुद्ध उठणाऱ्या वाळवंटी लोकांच्या भाषेत अरबी शब्दांचा भरणा आहे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाने हा साचा जगभर नेला. त्या चित्रमालेतील एक भाषिक तपशील आपल्या कामाचा आहे. ज्यांना सर्व जग 'रिबेल' म्हणून ओळखते, त्यांच्या संघटनेचे अधिकृत नाव प्रजासत्ताकाच्या पुनःस्थापनेसाठी झालेली युती असे आहे. 'बंडखोर' हे साम्राज्याने दिलेले नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र साम्राज्याचेच नाव रुळले.

मराठीत ह्या कथेस स्थान का मिळाले नाही, असा प्रश्न येथे कोणी विचारील. मराठी विज्ञानकथा दरिद्री नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनावाने आली व ती जयंत विष्णु नारळीकर ह्यांची निघाली. त्या टोपणनावाची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली की कर्त्याची ओळख पटते. २०२५ मध्ये नारळीकर निवर्तले, तोवर बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आदींनी ह्या प्रांतात भरीव लेखन केले होते. परंतु आपल्या विज्ञानकथेचा नायक बहुधा प्रयोगशाळेतला किंवा मध्यमवर्गीय दिवाणखान्यातला असतो, छावणीतला नसतो. युद्धाच्या आणि साम्राज्याच्या अगदी जवळ गेलेली कथा म्हणून नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' हिचे नाव घ्यावे लागेल. १७६१ च्या लढाईचा निकाल उलटा लागला असता तर इतिहास कोणत्या मार्गाने गेला असता, हा तिचा विषय. तेथेही लेखकाचे लक्ष रणांगणापेक्षा इतिहासाच्या फाट्यावर आहे. ह्यात न्यून काढण्याचा हेतू नाही. फक्त एवढेच की, बंडाची कथा लिहिण्यास लागणारा शब्दसंभार मराठी विज्ञानलेखकाने अजून हाताळून पाहिलेला नाही. तो हाताळू गेल्यास काय होते, ते आता पाहावयाचे आहे.

प्रथम 'बंड' हाच शब्द घेऊ. 'बंडखोर' ह्यातील '-खोर' हा प्रत्यय फार्सी असून तो खाणे ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. मराठीने त्याचा उपयोग जवळजवळ नेहमी निंदेसाठी केला : लाचखोर, चुगलखोर, नफेखोर, भांडखोर, घुसखोर. ह्या पंगतीत बसलेला 'बंडखोर' मूळचा सरकारदरबारचा शब्द आहे, हे त्याच्या शेपटीवरूनच कळते. राज्यकर्त्याच्या दृष्टीने बंड ही एक खोड होय. पुढे केशवसुतांच्या काव्याची चर्चा करताना समीक्षकांनी 'बंडखोर कवी' ह्या शब्दप्रयोगास प्रतिष्ठा दिली, आणि आजकाल निवडणुकीच्या हंगामात तिकीट न मिळालेला कोणताही इच्छुक वर्तमानपत्रांत 'बंडखोर' होतो. एकाच शब्दाने इतकी घरे बदलावीत हे विरळा. १८५७ च्या घटनेपुरते बोलावयाचे तर विष्णुभट गोडसे ह्यांच्या प्रवासवृत्ताचे जे पुस्तक १९०७ मध्ये छापून निघाले, त्याच्या नावात 'बंडाची हकीकत' असे शब्द आहेत. आणि अवघ्या दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, सावरकरांनी त्याच घटनेस 'स्वातंत्र्यसमर' म्हटले. दोन वर्षांत घटना बदलली नव्हती. बोलणारा बदलला होता.

'उठाव' हा शब्द त्या मानाने निष्पाप आहे. तो 'उठणे' ह्या घरच्या धातूचा. त्याला ना दरबारी वास आहे, ना संस्कृत भारदस्तपणा. म्हणूनच इतिहासकारास तो सोयीचा वाटतो. पण त्याचीही एक अडचण आहे. लातूरच्या आडत बाजारात 'तुरीला उठाव नाही' असे म्हटले, तर कोणी राजवट उलथत नाही, फक्त भाव पडतात. बाजाराच्या गावी वाढलेल्या वाचकाच्या कानात शब्दाचा हा दुसरा अर्थ सतत वाजत असतो, आणि गंभीर प्रसंगी तो वाजू नये ह्याची काळजी लेखकास घ्यावी लागते.

'विद्रोह' ह्याची कथा अधिक उद्बोधक आहे. द्रुह् म्हणजे घात करणे, वैर धरणे. 'राजद्रोह' हा त्याच धातूचा शब्द, आणि टिळकांवर १८९७ व १९०८ साली जे खटले झाले त्यांच्या संदर्भात तो घरोघरी पोचला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलित साहित्याने हाच धातू उचलला, उपसर्ग बदलला आणि 'विद्रोह' हे मूल्य म्हणून उभे केले. औरंगाबादहून निघणाऱ्या 'अस्मितादर्श'च्या पानांवर वाढलेल्या आपल्या भागातील वाचकास 'विद्रोही' म्हटल्यावर द्रोह आठवत नाही. नकार आठवतो, स्वाभिमान आठवतो. अपमानाचा शब्द ज्याला लावला त्यानेच तो पदकासारखा धारण करावा, ही घटना इतरत्रही आढळते. अरबी 'गदर' ह्याचा अर्थ विश्वासघात असा. पण १९१३ मध्ये अमेरिकेतील हिंदी क्रांतिकारकांनी आपल्या पत्रास व पक्षास तेच नाव घेतले.

आणि 'क्रांति'? विज्ञानकथेच्या दृष्टीने हा सर्वांत चमत्कारिक शब्द आहे, कारण तो मुळात ज्योतिषशास्त्रातला. सूर्याच्या भासमान मार्गास आपण क्रांतिवृत्त म्हणतो, ताऱ्याचे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर म्हणजे त्याची क्रांति, आणि संक्रांति तर प्रत्येकाच्या घरात आहे. इंग्रजी 'रेव्होल्यूशन' ह्या शब्दानेही हाच प्रवास केला : १५४३ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथनामात त्याचा अर्थ गोलांचे भ्रमण असा होता, राजकीय अर्थ नंतर दृढ झाला. मराठीने तो राजकीय अर्थ इंग्रजीच्या छायेत घेतला, पण त्यासाठी निवडलेला शब्दही आकाशातलाच निघाला, हा योगायोग मानावा की भाषांतरकाराची जाण, ते ज्याचे त्याने ठरवावे. अंतराळातील मराठी कथेत नाविकाने "क्रांति किती?" असे विचारले, तर उत्तर अंशांत द्यावयाचे की माणसांत, हा पेच एखाद्या विनोदी लेखकास उपयोगी पडेल.

आता उमरीच्या त्या विद्यार्थ्याकडे वळू. हैदराबाद संस्थानातील लढा हा ह्या सर्व शब्दांची प्रत्यक्ष परीक्षा होता. नांदेड हा संस्थानातील एक जिल्हा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा ते १९८२ मध्ये झाले. संस्थानास स्वतःचे नाणे होते, स्वतःची रेल्वे होती, सीमेवर करोडगिरीचे नाके होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. १९४७ च्या नोव्हेंबरात भारताशी 'जैसे थे' करार झाला, पण आत रझाकारांचा जोर वाढतच गेला. मग स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखालील चळवळीने दुसरा मार्ग धरला. संस्थानाच्या सीमेबाहेर, उमरखेडसारख्या ठिकाणी, 'कॅम्प' उभे राहिले. तेथून आत शिरून नाके जाळावयाचे, शिंदीची झाडे तोडावयाची, लेव्हीच्या धान्यास विरोध करावयाचा आणि पुन्हा सीमा ओलांडून परतावयाचे, अशी ही मोहीम होती. १९४८ च्या जानेवारीत उमरी येथील बँकेवर ह्याच कार्यकर्त्यांनी छापा घालून रक्कम लढ्यासाठी नेली.

लष्करी विज्ञानकथेचा वाचक ह्या सर्व गोष्टी ओळखेल. सीमेपलीकडील तळ, जकातीची ठाणी, धान्याची सक्तीची वसुली, सरकारी कोठारावरील छापा हे सारे तेथे आहे. चोरून शस्त्रे आणणारा वैमानिकदेखील आहे. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन साहसी गृहस्थ कराचीहून विमानांतून बिदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवीत होता. फरक एवढाच की, तो बंडखोरांसाठी नव्हे, निजामासाठी काम करीत होता. कल्पित कथांत तस्करास अखेरीस सद्बुद्धी होते. येथे तसे काही घडले नाही.

वर्गातील विद्यार्थ्याचे म्हणणे असे होते की, उमरीच्या घटनेस गावातील वृद्ध माणसे 'लूट' म्हणतात आणि तरीही तिच्याविषयी अभिमानाने बोलतात. 'सुरतेची लूट' हा शब्दप्रयोग शाळकरी पुस्तकांतून ऐकलेल्या मराठी माणसास ह्यात विसंगती वाटत नाही. म्हणजे भाषांतराच्या पाठात 'लुटले' हा शब्द साम्राज्याच्या बाजूचा आणि 'हस्तगत केले' हा विरोधकांच्या बाजूचा, अशी जी वाटणी आम्ही सर्वांनी गृहीत धरली होती, ती इंग्रजीच्या सवयीतून आली होती. मराठीत लुटीची नीती कोणाला लुटले ह्यावरून ठरते. ही गोष्ट कोशात सापडत नाही, म्हणून येथे नोंदविली.

ह्या लढ्याने एका शब्दाचा तर कायापालटच केला. 'रझाकार' ह्याचा अर्थ स्वेच्छेने काम करणारा, म्हणजे शब्दशः स्वयंसेवक. कासीम रझवी हा लातूरचा वकील त्या संघटनेचा नेता झाला आणि दोन-तीन वर्षांच्या आत मराठवाड्याच्या मराठीत हा शब्द जुलमाचा पर्याय होऊन बसला. त्यावरून 'रझाकारी' हे भाववाचक नाम तयार झाले, आणि आजही घरातील अरेरावी करणाऱ्या माणसास "काय रझाकारी लावली आहे?" असे ऐकावे लागते. शब्दाच्या अर्थाचा अपकर्ष इतक्या अल्प काळात झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. 'स्टार वॉर्स'मधील साम्राज्याच्या शिपायांना जे 'स्टॉर्मट्रूपर' हे नाव आहे, ते पहिल्या महायुद्धातील जर्मन धडक तुकड्यांवरून आले. तेथेही सैनिकी व्यवसायाचा एक साधा शब्द खलनायकाचा झाला. परंतु तो पडद्यावरचा. आमचा शब्द १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे ह्यांची हत्या झाली त्यासारख्या घटनांतून घडला आहे.

त्याच्या उलट 'पोलीस ॲक्शन'. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गच्या रोखाने संस्थानात शिरली आणि पाच दिवसांत सर्व आटोपले. सेनेकडे तिचे नाव होते 'ऑपरेशन पोलो'. रणगाडे होते, विमाने होती, मेजर जनरल चौधुरी सेनापती होते. तरी नाव पडले पोलिसी कारवाईचे. ह्यामागे कायद्याचा विचार होता. हैदराबादने ऑगस्टमध्येच सुरक्षा समितीकडे तक्रार नेली होती, आणि घडलेले युद्ध मानले तर समोर दुसरे राष्ट्र आहे हे मान्य करावे लागले असते. पोलिसी कारवाई ही घरातील बाब होय. शब्द निवडताच पक्ष सिद्ध झाला. लोकांनी मात्र त्या संज्ञेचे कालगणनेत रूपांतर केले. आमच्या आजीच्या पिढीत "पोलीस ॲक्शनच्या साली जन्मला" असे सहज बोलले जाई. त्यात कायदाही नव्हता आणि राजकारणही नव्हते.

शासनाने १७ सप्टेंबर हा 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' ठरविला. अनंत भालेराव ह्यांनी आपल्या ग्रंथाच्या नावात 'स्वातंत्र्यसंग्राम' हा शब्द घातला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेल्या नरहर कुरुंदकरांच्या पुस्तकाचे नाव 'हैद्राबाद : विमोचन आणि विसर्जन' असे आहे. मुक्ती, स्वातंत्र्य, विमोचन हे शब्द कोणी समानार्थी म्हणेल. पण मुक्ती बंधनातून मिळते, स्वातंत्र्य परकीय सत्तेपासून मिळते, आणि विमोचन कोणीतरी करावे लागते. ह्या सूक्ष्म भेदात इतिहासाच्या तीन भूमिका सामावलेल्या आहेत. 'विसर्जन' हा शब्द तर कुरुंदकरांच्या खास ढंगाचा आहे. संस्थान जिंकले गेल्याने प्रश्न सुटला नव्हता, ते विरघळावे लागले, आणि ते घडले १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेने. कल्पित तारकासाम्राज्यांच्या लेखकांपैकी किती जणांनी साम्राज्य पडल्यानंतर त्याच्या विसर्जनाचा विचार केला आहे?

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या धोक्याकडे येतो. वर्गातील जवळजवळ सर्व भाषांतरांत एक गोष्ट नकळत घडली होती. साम्राज्याच्या अहवालात फर्मान, फौज, सुभा, हुकूम, बंदोबस्त असे शब्द आले, आणि विरोधकांच्या पत्रकात सैनिक, संग्राम, बलिदान, जननी असे. म्हणजे सम्राट फार्सी बोलू लागला आणि मुक्तिसैनिक संस्कृत. कोणी मुद्दाम केले नव्हते. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने व चित्रपटाने कानांना लावलेले हे वळण आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, कोणत्या तरी दूरच्या ताऱ्याभोवतीचा, कोणताही धर्म नसलेला कल्पित संघर्ष मराठीत येताच हिंदू-मुसलमानांचा संघर्ष होऊन बसतो. हे मुळात नाही, आणि भाषेच्या दृष्टीने खरेही नाही.

खरे नाही असे म्हणण्यास आधार आहे. सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोशाने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी किल्ला, फौज, तोफ हे शब्द मराठ्यांच्या तोंडून गेले नाहीत, कारण ते तोवर मराठ्यांचेच झाले होते. कान्होजी आंग्र्यांची 'सरखेल' ही पदवी फार्सी, आणि 'आरमार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. अंतराळातील नौदलप्रमुखास मराठीत 'सरखेल' म्हणण्याची सूचना मी वर्गात केली, तेव्हा ती सर्वांस आवडली, आणि ती साम्राज्याच्या बाजूची की विरोधकांच्या, हे कोणासही ठरविता येईना. हाच त्या शब्दाचा गुण आहे.

हैदराबादचा अनुभवही हेच सांगतो. १९१७ मध्ये तेथे उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतर-विभाग निघाला व त्याने आधुनिक शास्त्रांची परिभाषा उर्दूत घडविली. पुढील वर्षी स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकविले जाई. देशी भाषेतून विज्ञान शिकविण्याचा इतका मोठा प्रयोग त्या काळी भारतात दुसरा नव्हता. ज्या संस्थेस संस्थानाची शान म्हणून मिरविले जाई, तिच्याच वसतिगृहांतून १९३८ मध्ये 'वंदे मातरम्'वरून विद्यार्थ्यांची चळवळ उठली, आणि काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. त्यांच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 'इमरोज' ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी विलीनीकरणाचा पुरस्कार उर्दूतूनच केला आणि त्यासाठी २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास त्यांची हत्या झाली. सत्तेची भाषा आणि सत्तेला नकार देणारी भाषा एकच असू शकते, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. हर्बर्ट ह्यांच्या कादंबरीतही, वर सांगितल्याप्रमाणे, सम्राटाची पदवी फार्सी आणि त्याच्या शत्रूंची बोली अरबीमिश्रित आहे. भाषांतरकाराने तेथे दोहोंपैकी एकच बाजू फार्सी-अरबीत ठेवून दुसरी संस्कृतात नेली, तर त्याने मूळ कथा मोडली असे म्हणावे लागेल.

ह्या धोक्यास आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगताना लेखणी जड होते. चित्रपट विजयाच्या समारंभावर संपतो. पदके दिली जातात, वाद्ये वाजतात. पराभूत साम्राज्याच्या भाषेत बोलणारे, त्याच्या वर्दीत नसलेले सामान्य लोक दुसऱ्या दिवशी कोठे असतात, हे तेथे दिसत नाही. हैदराबादेत १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने ही पाहणी केली. तिचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. कारवाईच्या वेळी व तिच्यानंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज होता, आणि सर्वाधिक हानी झालेले जे चार जिल्हे तिने नोंदविले, त्यांत गुलबर्गा व बिदर ह्यांच्या जोडीने उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूरचा उल्लेख त्या अहवालात स्वतंत्रपणे आहे. मारले गेलेल्यांपैकी बहुतेक मुसलमान होते. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या गावांत हे घडले हे खरे, आणि मारले गेलेले बहुसंख्य लोक रझाकार नव्हते हेही तितकेच खरे. 'मुक्तिसंग्राम' हा शब्द मी वापरतो व वापरीत राहीन. कारण जी राजवट गेली ती जाणे आवश्यक होते. पण त्या शब्दाच्या पोटात हे दिवस मावत नाहीत, आणि त्यांच्यासाठी आपल्या मराठीत रूढ झालेला शब्द नाही. वृद्ध माणसे ह्या दिवसांनाही 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात, कित्येकदा आवाज खाली आणून.

पुढील सत्रात तोच पाठ पुन्हा दिला. ह्या वेळी तिसरा उतारा जोडला होता : कोठार ज्या गावात होते, त्या गावातील एका स्त्रीने बहिणीस लिहिलेले पत्र. ती ना साम्राज्याची नोकर, ना विरोधकांची सदस्य; तिच्या घरासमोरून दोन्ही बाजूंची माणसे गेली आहेत. लातूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने ह्या पत्रात 'बंडखोर' किंवा 'मुक्तिसैनिक' ह्यांपैकी एकही शब्द घातला नाही, 'फौज' किंवा 'सेना' हेही नाही. तिने सर्वत्र केवळ 'ते' असे लिहिले. "कोणते 'ते', हे वाचणाऱ्यास कसे कळावे?" असे मी विचारले. ती म्हणाली, "आमची पणजी असंच सांगायची, सर. 'ते आले', 'मग ते गेले', 'मग ते दुसरे आले'." गुण किती द्यावेत हे मला त्या दिवशी ठरविता आले नाही, आणि तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.